माझ्याकडे फक्त मध्यंतरानंतरच्या आठवणी आहेत

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: मुंबईतल्या जुन्या थिएटरच्या आठवणी काय, आणि लालबाग-परळमध्ये वाढलेल्या, आता सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांना एकदा 'तसा अनुभव' द्यायला कुठे न्यावं. दुसऱ्या प्रश्नाचं शेवटी बघू. पहिलं वाचलं आणि राहवेना.

मी खुर्चीवर बसून पहिला सिनेमा पाहिला तो लग्न झाल्यावर. त्याआधी शंभरेक तरी पाहिले असतील, सगळे उभ्याने आणि सगळे मध्यंतरानंतरचे. माझे बाबा लालबागच्या बाजूच्या एका थिएटरात ऑपरेटर, म्हणजे प्रोजेक्टर चालवणारे होते. नाव लिहीत नाही, कारण पुढे मालकाबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून त्यांच्या नातवंडांना उगाच वाईट वाटायला नको. सहाच्या खेळाला बाबांचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे. शाळा, क्लास, पाणी भरणं उरकून, मागचा लोखंडी जिना चढून केबिनमध्ये पोचेपर्यंत साडेसात. म्हणजे इंटरव्हल. मग बाबा जेवायला बसायचे आणि मी भिंतीतल्या झरोक्याला डोळा लावून उभी राहायचे. त्यामुळे कोण कोणाचा हरवलेला मुलगा, कोणाचं कोणावर कसं जडलं, हे मला कधीच ठाऊक नसायचं. मला फक्त सूड ठाऊक असायचा. आजही कुणी जुन्या सिनेमाचा विषय काढला की मी म्हणते, सुरुवात सांग, शेवट मला येतो.

बाबा जेवायला बसायचे असं लिहिलं खरं, पण ते अकरा-अकरा मिनिटांत जेवायचे. एक रीळ हजार फुटांचं. मिनिटाला नव्वद फूट फिल्म मशीनमधून जाते, की आलीच अकरा मिनिटं. दोन मशिनं शेजारी-शेजारी. एकावर रीळ चाललेलं, दुसऱ्यावर पुढचं चढवून ठेवलेलं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जातो. तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, की याची झडप बंद, त्याची उघडी. तुमच्या आईवडिलांना विचारून बघा, सिनेमाचं एक रीळ संपून दुसरं लागलेलं त्यांना कधी कळलं का. नाही म्हणाले तर त्यांच्या थिएटरचा ऑपरेटर चांगला होता.

आणि तेव्हा मशीनमध्ये बल्ब नसायचा, आर्क असायचा. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरायच्या, मधल्या फटीत वीज पेटायची, आणि त्या प्रकाशावर खाली आठशे माणसं सिनेमा बघायची. कांड्या जळून झिजत जातात, म्हणून मधलं अंतर सारखं जुळवत राहावं लागतं. दुर्लक्ष झालं की पडदा पिवळट पडतो आणि खालून लगेच 'ए ऑपरेटर, झोपला काय!' मे महिन्यात त्या खोलीत उभं राहून दाखवावं कुणीही. बाबा बनियनवर असायचे, आणि भाताचा हात लागू नये म्हणून दर रिळाला हात धुवून, एका जुन्या पंच्याला पुसून मग फिल्मला हात लावायचे. फिल्म जोडायच्या गोंदाचा, म्हणजे सिमेंटचा, वास त्यांच्या नखांतून रविवारीसुद्धा जायचा नाही. कांड्यांची जळून उरलेली थोटकं मी गोळा करायचे. वरून तांब्याचा पातळ पत्रा असतो, भंगारवाला घ्यायचा.

आता 'तसा अनुभव' म्हणता त्याबद्दल एकदाच बोलते. मुतारीचा वास पहिल्या पाच रांगांपर्यंत यायचा. खुर्च्यांत ढेकूण होते. आई मला केबिनमध्येच थांब म्हणायची त्याचं अर्धं कारण ढेकूण आणि अर्धं माणसं. अंधारात बायकांना कोपर कसं लागतं आणि 'सॉरी हं ताई' कसं म्हटलं जातं, हे शिट्ट्या नि पडद्यावर नाणी फेकण्याच्या आठवणी काढून गहिवरणाऱ्या पुरुषांना माहीत नसतं. लेडीज लाइन वेगळी होती, तिकीट लवकर मिळायचं, एवढाच आमचा मान. त्यामुळे ती मजा गेली म्हणून मी काही रडत नाही. मी रडते ते वेगळ्या गोष्टीसाठी.

गिरगावकर तुम्हाला सांगतील की 3 मे 1913 ला फाळक्यांचा पहिला चित्रपट त्यांच्या कोरोनेशनला लागला आणि 14 मार्च 1931 ला पहिला बोलपट त्यांच्या मॅजेस्टिकला. मान्य. लॅमिंग्टन रोडवाले मिनर्व्हाला एकच सिनेमा पाच वर्षं चालल्याचं सांगतील. मुंबई सेंट्रलवाल्यांकडे मराठा मंदिर आहे, 1995 सालचा एक सिनेमा तिथे अजून लावतात म्हणून देशभर नाव. तेही मान्य. पण आमच्या गिरणगावातली थिएटरं गिरणीच्या भोंग्यावर चालायची. पहिली पाळी सुटली की आंघोळ करून माणूस सहाच्या खेळाला, दुसऱ्या पाळीचा दुपारी मॅटिनीला, रातपाळीवाला तीनला येऊन स्टॉलमध्ये, म्हणजे खालच्या स्वस्त खुर्च्यांत, चक्क झोपायचा, कारण खोलीत पंधरा गाळेकरी आणि इथे पंखा. नायगाव-लालबागच्या चाळींतून वर आलेल्या दादा कोंडक्यांचे लागोपाठ नऊ सिनेमे पंचवीस-पंचवीस आठवडे चालले ते ह्याच लोकांच्या जिवावर.

म्हणून मल्टिप्लेक्सनी आपली थिएटरं मारली असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. मल्टिप्लेक्स यायच्या पंधरा-वीस वर्षं आधीच आमचा स्टॉल रिकामा झाला होता. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर. आधी महिनाभर गर्दी उलट वाढली, माणसांना करायला काही नव्हतं. मग पैसे संपले. मग माणसं गावी गेली. त्याच वर्षी रंगीत टीव्ही आला, आणि पुढे सत्यनारायणाच्या पूजेला चाळीत व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभरात चार सिनेमे बघायची पद्धत पडली. बाबा चिडून त्या रात्री गॅलरीत येऊन झोपायचे.

माझा मोठा भाऊ, दादा, तेव्हा वीस वर्षांचा, गिरणीत बदली कामगार. संपात त्याचं काम गेलं ते गेलंच. बाबांनी मालकाच्या हातापाया पडून त्याला थिएटरात लावला, रिळं आणायच्या सायकलवर. हे काम आता कुणाला माहीत नसेल. प्रिंटची, म्हणजे सिनेमाच्या प्रतीची, किंमत भारी, म्हणून दोन थिएटरं मिळून एक प्रिंट घ्यायची. तिकडचा खेळ आमच्यापेक्षा बराच आधी सुरू व्हायचा. तिथे दाखवून झालेली रिळं पत्र्याच्या गोल डब्यांत घालून, कॅरियरला ट्यूबच्या रबराने बांधून, सायकलने आमच्याकडे. दुसरं थिएटर दादरला. म्हणजे दादर टीटीवरून निघायचं, हिंदमाता, परळ, लालबाग. एका खेळाला तीन फेऱ्या.

आता जुलै आणि हिंदमाता म्हटल्यावर मुंबईकराला पुढचं सांगायला नको. (तो नाका एका थिएटरच्या नावाने ओळखला जातो हेही लोक विसरलेत, हिंदमाता म्हणजे तुंबलेलं पाणी, एवढंच.)

1984 चा जुलै, शुक्रवार. सिनेमा नवा लागला होता. नवा म्हणजे आमच्याकडे नवा, प्रिंट गावोगाव फिरून आलेली, ओरखड्यांनी भरलेली. सोळा रिळं. तीनचा खेळ दुसऱ्या ऑपरेटरने केला होता, बाबा सहाच्या खेळाला पहिल्यांदाच तो सिनेमा चालवत होते. मी डबा घेऊन पोचले तेव्हा इंटरव्हल सुरू होता आणि दादाची शेवटची फेरी आली नव्हती. नऊ आणि दहा नंबरची रिळं हाताशी, अकरापासून पुढची सहा रस्त्यात. मॅनेजर खालून दोनदा वर आला. जाहिरातींच्या स्लाइड दाखवून झाल्या, परत दाखवल्या. फिल्म्स डिव्हिजनचा समाचारपट, जो सुरुवातीला दाखवला होता, तो बाबांनी पुन्हा चढवला. खाली बाकं वाजायला लागली. शेवटी नववं सुरू केलं, देवावर हवाला ठेवून.

दहावं अर्धं झालं होतं तेव्हा दादा जिन्यावर दिसला. गुडघ्याच्या वर, मांडीपर्यंत काळं पाणी. डबे खांद्यावर, दोन दोऱ्यांत बांधलेले. सायकल कुठे सोडली विचारायला वेळ नव्हता. त्याने डबे टेबलावर एकावर एक ठेवले आणि भिंतीला टेकून खाली बसला. प्रत्येक डब्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली असायची, निळ्या शाईने नंबर. त्या चिठ्ठ्या नव्हत्या. एकाही डब्यावर नव्हती. एक चिठ्ठी दादाच्या शर्टाच्या पाठीला चिकटली होती, शाई पसरून त्यावरचा आकडा वाचता येत नव्हता. मी ती काढून खिडकीवर ठेवली. आणि सगळ्यांत खालच्या डब्याच्या झाकणाच्या आत, कडेला, चिखल होता. बाहेर नव्हे, आत. बाबांनी बोटाने पुसला तो मी पाहिला.

पाच मिनिटं हातात. बाबांनी एक डबा उघडला, रीळ मशीनवर चढवलं. दुसरा उघडून दुसऱ्यासाठी काढून ठेवला. ठिपका आला, बदल झाला, एक झटका नाही, एक काळी चौकट नाही. आणि पडद्यावर हिरोच्या भावाच्या छातीत गोळ्या घातल्या.

मला काही खटकलं नाही, मला सुरुवात कधीच माहीत नसायची. बाबांना मात्र दोन मिनिटांत कळलं, कारण दहाव्या रिळाच्या शेवटी त्या भावाच्या बहिणीला हळद लागत होती आणि आता एकदम स्मशान. त्यांनी बारावं लावलं होतं. अकरावं दुसऱ्या मशीनवर तयार. बाबा माझ्याकडे बघत होते, पण मला बघत नव्हते. खेळ थांबवायचा की चालू द्यायचा हे ठरवायला त्यांच्याकडे नऊ मिनिटं होती. त्यांनी चालू दिला. चिता पेटली, ठिपका आला, आणि नुकताच जळलेला भाऊ फेटा बांधून बहिणीच्या लग्नात नाचायला लागला.

खाली एकदम शांतता. मग स्टॉलमधून एकजण, "अरे, ह्याला आता पेटवला ना!" आणि त्याच्यावर लगेच दुसरा, "आठवण आली रे तिला, गप बस की!" आणि सगळ्यांनी ते मान्य करून टाकलं. नाण्यांचा पाऊस. मेलेला माणूस नाचतोय म्हणून दोन बायका पदर डोळ्यांना लावून रडत होत्या, असं नंतर तिकीट फाडणाऱ्याने सांगितलं. पैसे परत मागायला एकही माणूस आला नाही.

पण बाल्कनीत मालक बसले होते, शेजारी वितरकाचा माणूस. खेळ सुटल्यावर दोघं वर आले. मी कोपऱ्यात डबा धरून उभी. मालकांनी विचारलं, हे कसं झालं. बाबा म्हणाले, "माझ्या हातून झालं." बस, तेवढंच. पंधरा दिवसांचा पगार कापला.

आमच्या घरातलं भांडण इथून सुरू होतं. दादाचं म्हणणं, गेली चाळीस वर्षं, बाबांची चूक होती. बाबा दमले होते, डोळे गेले होते, आर्क बघून बघून ऑपरेटरचे डोळे जातातच, आणि मुख्य म्हणजे त्यांनी स्वतः कबूल केलं होतं. दर भाऊबीजेला, कुणी टीव्हीवर सिनेमा लावला की दादा हे सांगतो, हसत हसत, जावयांपुढे: "आमच्या म्हातार्‍याने मेलेल्याला नाचवला." सगळे हसतात. वहिनीसुद्धा. मी ताट घेऊन आत जाते.

मी म्हणते, चिठ्ठ्या कुठे गेल्या? पावसाने एकदोन निघतील, सहाच्या सहा निघत नाहीत. डबे पाण्यात पडले होते, दादा. हिंदमाताला सायकल गेली, डबे सुटले, एक उघडला, तू गोळा केलेस आणि हाताला येतील तसे बांधलेस. त्यात तुझा दोष काही नाही. कंबरभर पाण्यात, अंधारात, उघड्या गटारांवरून पंधरा-सोळा किलो पत्रा आणि फिल्म वाचवून आणलीस हे कुणाच्या बापाला जमलं नसतं. फक्त वर आल्यावर एक वाक्य बोलायला हवं होतंस: "बाबा, डबे पडले, नंबर बघून घ्या." ते बोलला नाहीस. आणि बाबांनी मालकापुढे तुझं नाव घेतलं असतं तर तुझी नोकरी दुसऱ्या दिवशी गेली असती. ऑपरेटर सहज मिळत नाही, सायकलवाला मिळतो, हे बाबांना माहीत होतं. म्हणून 'माझ्या हातून.' चाळीस वर्षं तू जो कबुलीजबाब पुरावा म्हणून दाखवतोस, तो त्यांनी तुझ्यासाठी दिला होता.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट मला लिहायला हवी, नाहीतर ह्या धंद्यातलं कुणी वाचेल आणि मला खोटं ठरवेल. रिळाचा नंबर फक्त डब्यावर नसतो. प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला कोऱ्या पट्टीचा तुकडा असतो, लीडर म्हणतात, त्यावरही नंबर असतो. मशीनवर चढवण्याआधी तो बघायचा हे ऑपरेटरचं काम. बाबांनी बघितला नाही, किंवा बघितला आणि त्यांना दिसला नाही. फिरून आलेल्या प्रिंटचे लीडर फाटलेले, कुठे दुसऱ्याच सिनेमाचे जोडलेले असायचे, हे खरं. पण सहाच्या सहा फाटले असतील असं मीही म्हणत नाही. म्हणजे दादाचं थोडं बरोबर आहे. हे मी त्याच्या तोंडावर कधी बोलले नाही, आणि बाबा जाऊन सोळा वर्षं झाली.

तर, आईवडिलांना कुठे न्यावं. मराठी सिनेमा बघणारे असतील तर परळचं भारतमाता. मराठी सिनेमाने तिथे अनेक वर्षं घर केलं आणि तुमच्या आईवडिलांनी तिथे काही ना काही पाहिलंच असणार. दादरला प्लाझा आहे, व्ही. शांताराम यांचं, समोरचं सगळं बदललं तरी फुलबाजार नि भाजीवाले तेच, सिनेमा आवडला नाही तर निदान खरेदी होईल. दादरचंच चित्रा मनात असेल तर ते 2019 मध्ये बंद झालं. गिरगावात मॅजेस्टिक दाखवायला नेऊ नका, तिथे दुकानं आहेत. जाण्याआधी थिएटर चालू आहे का आणि कुठला खेळ लागलाय ते बघून जा. एकपडदा थिएटरात ऐनवेळी खेळ रद्द होतात. दुपारचा खेळ घ्या. बाल्कनी म्हणून हट्ट धरू नका, जुन्या थिएटरांना लिफ्ट नसते आणि सत्तरीचे गुडघे तुमच्या हौसेला विचारत नाहीत. आणि ज्या आठवणीसाठी नेताय ती तिथे सापडेल अशी खात्री बाळगू नका. केबिनमध्ये आता कुणी बनियनवर उभं नसतं, डिजिटल प्रोजेक्टर आहे, सिनेमा हार्ड डिस्कवर नाहीतर उपग्रहावरून येतो. चांगलंच आहे. अकरानंतर बारावंच लागतं.

एवढं सगळं करून आई म्हणाली की घरीच टीव्हीवर बघू, तर तिचं ऐका. माझ्या आईला मी एकदा हौसेने नेलं होतं. ती पूर्ण वेळ मान मागे वळवून झरोक्याकडे बघत बसली. सिनेमा काय होता तिला विचारलं तर सांगता आलं नाही.

दादा हे वाचणार, कारण त्याची मुलगी त्याला असलं सगळं पाठवते. दादा, भाऊबीजेला ये, मी भांडणार नाही. फक्त खालच्या डब्याच्या आत चिखल कुठून आला होता, तेवढं सांग.